विमान उभं राहिलं की पगारातलं काय उरतं?

माझी भाची बारामतीत विमान चालवायला शिकली. आता ती मुंबईहून एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. गेल्या महिन्यात तिने मला आखातातल्या दोन विमान कंपन्यांचे पगाराचे तक्ते पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली: "मावशी, दोन्हीकडची बेरीज सारखीच येतेय. मग कुठे जाऊ?"

मी चौदा वर्षं परदेशातल्या एका विमान कंपनीत वैमानिकांच्या पगाराचा हिशेब केला आहे. त्यामुळे बेरजेवर माझा फारसा विश्वास नाही. वैमानिकाचा पगार ही एक रक्कम नसते, ते पाच-सहा रकमांचं गाठोडं असतं. त्यातल्या काही रकमा विमान उडालं तरच मिळतात, काही नोकरी असेपर्यंतच मिळतात आणि अगदी थोड्या आपल्या स्वतःच्या असतात. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. परदेशी जायचा विचार करणारे बरेच जण अजूनही तळाचा आकडा बघूनच सही करतात.

सगळ्यात आधी मूळ पगार. हा दर महिन्याला ठरलेला असतो, उड्डाणं झाली तरी आणि न झाली तरी. मग येतो उड्डाणाचा तासाचा भत्ता. इथे 'तास' म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. विमान निघायला जागेवरून हललं, तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर जाऊन थांबेपर्यंतचा वेळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. भत्ता मिळतो तो याच वेळेचा. दुबईहून मुंबईला जाऊन लगेच परत यायचं म्हटलं तर जाताना साधारण तीन तास, येताना तीन, म्हणजे ब्लॉक टाइम सहा तासांचा. पण त्याआधी तास-दीड तास हजेरी, हवामान आणि इंधनाची कागदपत्रं, मुंबईत प्रवासी उतरून नवे चढेपर्यंतचा वेळ, परत आल्यावरचं काम, हे सगळं धरलं की ड्यूटी नऊ तासांच्या वर जाते. पैसे सहा तासांचेच मिळतात. मुंबईत विमान तासभर खोळंबलं तर वैमानिक कॉकपिटमध्येच बसून असतो, पण विमान जागेवरून हललेलं नसेल तर तो तास भत्त्यात धरला जात नाही.

तिसरी रक्कम घराची. काही कंपन्या घर देतात, काही घरभाडं देतात. चौथी मुलांच्या शाळेची. दुबई-दोहामध्ये परदेशी माणसाच्या मुलांना खासगी शाळाच बघावी लागते आणि तिथली फी भरताना भल्याभल्यांचा हात थबकतो. म्हणून हा भत्ता छोटा समजू नये. त्यालाही मुलांची संख्या, वय आणि रकमेची मर्यादा असते. पाचवी रक्कम म्हणजे परगावी मुक्काम पडला की जेवणखाणाचा भत्ता. आणि शेवटची, जिच्याकडे नोकरी सोडेपर्यंत कुणी बघत नाही, ती ग्रॅच्युइटी किंवा भविष्य निर्वाह निधी.

आता भाचीचे दोन तक्ते. आकडे मी सोपे करून घेतले आहेत, ते कुठल्याही खऱ्या कंपनीचे नाहीत. पहिल्या कंपनीत मूळ पगार ३०,००० दिरहम (दुबईचं चलन), घरभाडं १४,००० आणि तासाला ७० दिरहम. महिन्याला ८० तास उडाली तर ५,६००. एकूण ४९,६००. दुसऱ्या कंपनीत मूळ पगार १८,०००, घरभाडं ७,६०० आणि तासाला ३००. ८० तासांचे २४,०००. एकूण तेवढेच, ४९,६००. तिची बेरीज चुकली नव्हती.

मी तिला सांगितलं, आता ८० च्या जागी २० तास लिही. पहिल्या कंपनीत ४५,४०० राहतात. दुसरीत ३१,६००. महिनाभर रजा घेतली, आजारी पडली, मेडिकल (वैमानिकाची ठरलेली वैद्यकीय तपासणी) लांबलं, मंदीमुळे उड्डाणं कमी झाली, तर हाच फरक घरी येतो. दुसरी कंपनी चोर आहे असं मी म्हणत नाही. फक्त तिथे धंद्यातला चढउतार वैमानिकाच्या पगारपत्रकावर ढकललेला आहे. काही करारांत किमान तासांची हमी असते, म्हणजे उडा वा न उडा, समजा ६५ तासांचे पैसे मिळणारच. ही हमी करारात लिहिलेली आहे की नुसती बोललेली, हा मी पहिला प्रश्न मानते.

ग्रॅच्युइटीत हा फरक आणखी खोल जातो. संयुक्त अरब अमिरातींच्या कामगार कायद्यात हिशेब असा आहे: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढच्या दर वर्षाला ३० दिवसांचा. सगळी मिळून रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होऊ शकत नाही. यात कळीचा शब्द 'मूळ'. घरभाडं, तासाचा भत्ता, शाळा, काहीच धरत नाहीत. भाचीने आठ वर्षं काढली असं धरू. पहिल्या कंपनीत दिवसाचा मूळ पगार १,००० दिरहम, म्हणजे पाच वर्षांचे १,०५,००० आणि पुढच्या तीन वर्षांचे ९०,०००, एकूण १,९५,०००. दुसरीत दिवसाला ६००, तर एकूण १,१७,०००. दरमहा बेरीज सारखी, आणि निघताना ७८,००० चा फरक. काही कंपन्या ग्रॅच्युइटीऐवजी निधी ठेवतात, दोघांचा वाटा मिळून. तिथेही टक्केवारी बहुधा मूळ पगारावरच मोजतात.

कराबद्दल थोडक्यात. अमिरातींत आणि कतारमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही. भारतीय नागरिक नोकरीसाठी बाहेर गेला आणि अनिवासी ठरला, तर तिथे कमावलेल्या पगारावर इथेही कर लागत नाही. पण अनिवासी ठरणं भारतात किती दिवस राहिलात यावर असतं. मुख्य रेघ १८२ दिवसांची आहे. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर २०२० पासून ती १२० दिवसांवर आली आहे. वैमानिक महिन्यात तीन-चारदा मुंबईत मुक्काम करू शकतो, म्हणून दिवस मोजून ठेवावेत आणि सीएला दाखवावेत. दुसरी गोष्ट, दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. रुपया घसरला की आपल्या माणसाला घरी पाठवताना जास्त रुपये मिळतात. पगारवाढ झाली नसली तरी झाल्यासारखी वाटते. हा भास ओळखता यायला हवा, कारण दुबईतलं भाडं आणि फी भरायची असते ती दिरहममध्येच.

आखातात परदेशी वैमानिक का, याचं उत्तर सरळ आहे. दुबईच्या एमिरेट्स कंपनीने २५ ऑक्टोबर १९८५ ला पहिली उड्डाणं केली तेव्हा विमानंही भाड्याने घेतलेली होती आणि सुरुवातीच्या गावांत कराचीबरोबर आपली मुंबईही होती. स्थानिक लोकसंख्या छोटी, विमानं मात्र शेकड्यांनी वाढली. तेव्हा अनुभवी माणूस बाहेरूनच आणावा लागला. त्याला बोलवायचं तर करमुक्त पगार, घर, शाळा, तिकिटं, हे सगळं द्यावं लागलं. आणि ते दिलं, हेही म्हटलं पाहिजे. पगार तारखेला जमा होणं, नवी कोरी मोठी विमानं, उत्तम सिम्युलेटर, जगभरचे मार्ग, या गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या ओळखीच्या कित्येक घरांनी त्यावर गावाकडे घरं बांधली, मुलं शिकवली.

आता कामाचं बघू. अमिरातींत वैमानिकाला वर्षाला जास्तीत जास्त ९०० तास उडता येतं, आपल्याकडे ही मर्यादा १,००० तासांची आहे. ९०० ऐकून कमी वाटतं, कारण ऑफिसात बसणारा माणूस वर्षाला दोन हजार तास काम करतो. पण हे ब्लॉक टाइमचे तास, ड्यूटीचे नव्हेत. आणि ते कधीचे, हा प्रश्न तासांच्या संख्येपेक्षा मोठा. आखातातल्या कंपन्यांचा धंदा एका टोकाचा प्रवासी दुसऱ्या टोकाला पोचवण्याचा आहे. युरोपहून येणारी विमानं मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात आणि तासा-दोन तासांत आशियाकडची निघतात. म्हणून वैमानिकाच्या वाट्याला रात्र येते, पुन्हा पुन्हा येते. मी एका फर्स्ट ऑफिसरच्या घरी दुपारी गेले होते. बेडरूमच्या खिडकीला आतून अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवलेली, त्यावर जाड पडदा, दाराखालच्या फटीत टॉवेल. त्याची बायको स्वयंपाकघरात कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅसपाशी उभी होती. शिटी येण्याआधीच ती आच कमी करायची. त्याला रात्री दोनला निघायचं होतं.

या झोपेचं पुढे काय होतं, ते कागदावर नोंदलं गेलेलं आहे. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीच्या पलीकडे दरीत गेलं. १५८ माणसं गेली, ८ वाचली. कॅप्टन परदेशी होता, भारतीय कंपनीत करारावर आलेला, दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव असलेला. चौकशी एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. कॉकपिटमधल्या दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीचा सुमारे एक तास चाळीस मिनिटं बोलणंच नव्हतं, आणि घोरण्याचा आवाज होता. कॅप्टन जागा झाला तो उतरण्याच्या जरा आधी, अर्धवट गुंगीत. विमान फार उंचावरून येत होतं. फर्स्ट ऑफिसरने तीनदा सांगितलं की उतरणं सोडून पुन्हा वर जाऊया. अहवालाने मुख्य दोष उतरणं न सोडण्याच्या कॅप्टनच्या निर्णयाला दिला, आणि त्यामागचं एक कारण म्हणून लांबलेल्या झोपेनंतरची ती गुंगी नोंदवली.

सहा वर्षांनी, १९ मार्च २०१६ ला, दुबईहूनच निघालेलं फ्लायदुबईचं विमान रशियातल्या रोस्तोव्हला पडलं. वाऱ्यामुळे ते सुमारे दोन तास आकाशात घिरट्या घालत होतं, आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास उतरण्याचा दुसरा प्रयत्न सोडून वर जाताना कोसळलं. ६२ जण गेले. दोघेही वैमानिक परदेशी होते. रशियातल्या चौकशीने विमान चालवण्यातल्या चुका दाखवल्या आणि कामाचा थकवा हे संभाव्य कारणांत धरलं.

दोन्ही अपघातांत बरंच काही वेगळं आहे, आणि सगळं थकव्यावर ढकलणं चूक ठरेल. पण पगाराच्या टेबलावर बसून मला एक गोष्ट दिसायची, ती सांगते. ज्याच्या पगाराचा अर्धा भाग तासांवर आहे, तो थकलेला असताना 'आज जमणार नाही' म्हणतो तेव्हा तो स्वतःचेच पैसे कापत असतो. नियमाने त्याला नाही म्हणायचा हक्क आहे, कर्तव्यही आहे. तरी घराचा हप्ता डोक्यात असतोच. म्हणून पगाराची रचना हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे असं मी मानते. आजारपणाच्या दिवशी नेमून दिलेल्या उड्डाणाचे तास धरले जातात की नाही, हे करारात बघितलंच पाहिजे.

आणि नाही म्हटल्यावर पाठीशी कोण? अमिरातींत कामगार संघटना चालत नाहीत, संप तर नाहीच. कतारमध्येही परदेशी कामगारांना संघटना काढता येत नाही. हाँगकाँगमध्ये वैमानिकांची संघटना आहे, पण तिथलाही इतिहास साधा नाही. तिथल्या कॅथे पॅसिफिक या विमान कंपनीने २००१ मध्ये संघटनेबरोबरच्या वादात ४९ वैमानिकांना काढलं. त्यातल्या काहींनी कोर्टात अकरा वर्षं झुंज दिली, तेव्हा कुठे २०१२ मध्ये तिथल्या अंतिम न्यायालयात संघटनेच्या कामाला असलेलं कायद्याचं संरक्षण मान्य झालं. वैमानिकाच्या कारकिर्दीची अकरा वर्षं गेली, ती कुठल्याही निकालाने परत येत नाहीत.

चीनमधले करार आणखी वेगळे. मागच्या दशकात तिथे कॅप्टनला जगात सर्वांत जास्त म्हणावेत असे डॉलर मिळत होते. पण नेमणूक बहुतेकदा मधल्या एजन्सीमार्फत, तीन वर्षांच्या मुदतीची. मूळ मालक कोण, भांडण झालं तर कुठल्या देशाच्या कोर्टात जायचं, हे सही करणाऱ्यालाही नीट माहीत नसायचं. करोना आला आणि यातल्या अनेकांना बिनपगारी घरी बसवलं.

करोनाचं वर्ष मी विसरू शकत नाही. एमिरेट्स समूहाने स्वतःच्या वार्षिक अहवालात लिहिलं की मनुष्यबळ ३१ टक्क्यांनी कमी होऊन ७५,१४५ वर आलं. कॅथेने ऑक्टोबर २०२० मध्ये ५,९०० नोकऱ्या काढल्या, कॅथे ड्रॅगन ही कंपनी बंद केली आणि उरलेल्या वैमानिकांपुढे कायमच्या पगारकपातीचे नवे करार ठेवले. मी काम करत होते तिथेही यादी आली. जूनमध्ये एक कॅप्टन माझ्या टेबलाशी आले. नऊ वर्षं झालेली. त्यांनी पगाराच्या पावतीच्या मागे पेन्सिलीने स्वतःच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब केला होता, अगदी नीटनेटका, प्रत्येक वर्षाची ओळ वेगळी. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. आमचा आकडा त्यांच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त होता. त्यांनी सगळा पगार धरला होता, आम्ही मूळ पगार. कागद घडी करून खिशात ठेवत त्यांनी विचारलं, "मॅडम, मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा मार्चमध्ये आहे. तोपर्यंत तिला इथे राहता येईल का?" राहता येणार नव्हतं. मुलीचा व्हिसा त्यांच्या नोकरीवर होता आणि नोकरी संपल्यावर तीस दिवस होते. घर कंपनीचं. गाडीचं कर्ज बाकी असल्यामुळे बँकेने अंतिम रक्कम जमा होताच खातं अडवून धरलं. हातात चार पट्ट्यांचा, म्हणजे कॅप्टनपदाचा, अनुभव होता आणि त्या महिन्यात जगात कुठेच कुणी वैमानिक घेत नव्हतं.

म्हणून परदेशी वैमानिकाचं घर, व्हिसा, शाळा, कर्ज आणि पगार या पाच गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या असतात, हे जाण्याआधी कळलेलं बरं. निदान सहा महिन्यांचा खर्च त्या देशाबाहेरच्या खात्यात ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगत आले. मेडिकलमध्ये कायमचं अपात्र ठरलात तर पैसे देणारा लायसन्सचा विमा कंपनी देते का आणि किती रकमेचा, हेही विचारा. चाळिशीनंतर रक्तातली साखर किंवा हृदयाचा एखादा चुकलेला ठोका पूर्ण पगार थांबवू शकतो.

भाचीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. परदेशी कंपनीत ती गेली की इथली ज्येष्ठता संपते आणि तिथे यादीत शेवटून सुरुवात होते. कमांड, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, त्या यादीवरच ठरते. इथे कदाचित तीन वर्षांत मिळेल, तिथे किती वर्षांत, हे विमानं किती येतात यावर. दुसरी गोष्ट नोटिशीची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. परदेशी कंपनी तेवढं थांबेल का, हे आधी लेखी घ्यायला हवं. तिथे गेल्यावर नव्या विमानाच्या प्रशिक्षणासाठी बाँड असतो, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची रक्कम. तो दर महिन्याला कमी होत जातो की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम उभी राहते, यात फार मोठा फरक आहे.

तिने दोन्ही कंपन्यांना हेच प्रश्न पाठवले: किमान तास, आजारपणातले तास, ग्रॅच्युइटी कशावर, बाँड कसा उतरतो, लायसन्सचा विमा. एका कंपनीकडून तीन दिवसांत उत्तर आलं, करारातल्या कलमांच्या आकड्यांसकट. दुसरीकडून फोन आला की रुजू झाल्यावर सगळं समजावून सांगू. तिने त्यांना नम्रपणे सांगितलं की मला ते आधी कागदावर हवं आहे. ती अजून वाट बघतेय, आणि तोवर तिने राजीनामा दिलेला नाही.